तोंडावरून भांडण, पोटाखाली कुणी बघत नाही

प्रश्न ऐरोलीच्या ताईंचा आहे. ठाण्यात उपवन तलावाकाठी रविवारी सकाळी गाड्या लावून चहा पिणारं जे टोळकं आहे, त्यातल्या त्या. मी वयाने थोरला, म्हणून सगळ्यांचा काका. त्यांनी लिहिलंय:

‘काका, गेल्या रविवारी आपल्या टोळक्यातल्या दोघांचं चांगलंच वाजलं. डिझेलवाला म्हणतो, इलेक्ट्रिक गाड्या म्हणजे चाकं लावलेले फ्रिज. तोंडाला जाळी नाही, आवाज नाही, सगळ्यांच्या कपाळावर तीच एक दिव्यांची पट्टी. बॅटरीवाला म्हणतो, हा आकार हवेसाठी असतो, रेंज (एका चार्जवर गाडी जाते ते अंतर) त्यातूनच मिळते, तुला ते कळायचं नाही. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. आकार खरंच रेंजसाठी असतो की शोरूमसाठी? आणि या दिसण्याचे पैसे शेवटी कोण भरतं?’

ताई, शेवटच्या वाक्यातच सगळं आलंय, पण तिथे हिशेब करत करतच पोचावं लागेल. रबाळे एमआयडीसीत माझं गॅरेज आहे, २६ वर्षं झाली. आधी नुसतं डेंटिंग-पेंटिंग, मग इंजिनकाम, आणि गेली काही वर्षं इलेक्ट्रिकसुद्धा. रोज कळव्याहून विटाव्याच्या पुलाखालून ऐरोली, रबाळे असं येणंजाणं, तेही इलेक्ट्रिकनेच. तरी मी कुठल्या पंथाचा नाही. जी गाडी सकाळी आली आणि संध्याकाळी काम होऊन गेली, ती चांगली गाडी, एवढाच माझा धर्म.

आधी बॅटरीवाल्याचं म्हणणं घेतो, कारण त्यात तथ्य आहे. हवा गाडीला किती अडवते ते चार गोष्टींवर ठरतं: हवेची घनता, समोरून दिसणारं गाडीचं क्षेत्रफळ, आकाराचा गुणांक म्हणजे ड्रॅग कोइफिशियंट, आणि वेग. पहिल्या तिघांचा साधा गुणाकार, वेगाचा मात्र वर्ग. सगळी गंमत त्या वर्गात आहे.

आपल्याकडे सर्रास दिसते तशी एक छोटी एसयूव्ही धरा. गुणांक ०.३५, समोरचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर, माणसं धरून वजन १,८०० किलो. सपाट रस्ता, वारा नाही. ताशी १०० किलोमीटरला नुसती हवा कापायला किलोमीटरमागे साधारण १०८ वॉट-अवर लागतात. म्हणजे ९-१० किलोमीटरला १ युनिट (१,००० वॉट-अवर) फक्त हवेच्या नावाने. टायर रस्त्यावर फिरवायला आणखी ४९. आता दुसरी गाडी घ्या, बुटकी आणि निमुळती: गुणांक ०.२५, क्षेत्रफळ २.३. तिचा हवेचा खर्च ७१ वर येतो. किलोमीटरमागे ३७ वॉट-अवर वाचले. मोटर, गिअर, इन्व्हर्टरची गळती आणि एसी धरून ४० युनिटच्या बॅटरीवर पहिली गाडी एक्स्प्रेसवेला २१० किलोमीटरच्या आसपास जाईल, दुसरी २७० च्या पुढे. कळंबोली ते देहूरोड हा एक्स्प्रेसवे सगळा मिळून ९४.५ किलोमीटरचा. म्हणजे पुण्याला जाऊन न थांबता परत येता येतं की नाही, एवढा फरक निव्वळ आकारातून पडू शकतो. इथपर्यंत बॅटरीवाला बरोबर.

आता हीच गाडी घोडबंदर रोडवर आणा. ताशी ४० ला हवेचा खर्च पहिल्या गाडीचा १७, दुसरीचा ११. फरक सहाचा. संध्याकाळी सातला माजिवडा ते कापूरबावडी तुम्हाला ताशी १० चा वेग मिळाला, तर हवेचा खर्च किलोमीटरमागे फक्त १ वॉट-अवर. एक! तिथे गाडी फ्रिजसारखी असो, कपाटासारखी असो, हवेला पत्ताही लागत नाही. त्याच वेळी एसी तासाला १ युनिट खात असेल, तर ताशी १० च्या वेगाला तो किलोमीटरमागे १०० वॉट-अवर होतो. गाडी पुढे ढकलायला लागतं त्यापेक्षा जास्त तुम्हाला थंड ठेवायला लागतं.

म्हणून तुमच्या दोघांच्या भांडणातला बॅटरीवाला जर खारघरहून लोअर परळला अटल सेतूवरून जाणारा असता, तर त्याला आकाराबद्दल बोलायचा हक्क होता. तो राहतो मानपाड्याला आणि नोकरी वागळे इस्टेटला. त्याच्या गाडीच्या तोंडाचा आणि रेंजचा संबंध महिन्यातून एकदा, लोणावळ्याला जाताना येतो.

वर्गाची दुसरी गंमत मला जास्त आवडते. तीच पहिली, कपाटासारखी गाडी १०० ऐवजी ८० ने चालवा. हवेचा खर्च १०८ वरून ६९ वर येतो. म्हणजे ३९ वाचले. डिझायनर मंडळींनी विंड टनेलमध्ये वर्षभर मातीचे नमुने तासून जे ३७ वाचवले, ते तुम्ही उजवा पाय थोडा वर उचलून वाचवले. हे कुठलाच सेल्समन सांगत नाही.

जाता जाता एक सांगतो. पत्रकात गुणांक छापतात, क्षेत्रफळ छापत नाहीत. हे म्हणजे भाव सांगायचा आणि वजन सांगायचं नाही. रुंद, उंच गाडीचा गुणांक चांगला असला तरी गुणाकार मोठाच येतो. आणि आपल्याकडच्या शोरूममध्ये गुणांक विचारलात, तर सेल्समन आधी मॅनेजरला बोलावतो.

आता डिझेलवाल्याकडे येऊ. ‘तोंडाला जाळी नाही’ हे त्याचं दुखणं. जाळी होती कशाला? पेट्रोलच्या इंजिनमध्ये जाळलेल्या इंधनाचा मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो, ती बाहेर काढायला रेडिएटर, आणि रेडिएटरला हवा मिळावी म्हणून जाळी. १ लीटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. १५ चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला ६०० वॉट-अवर जाळते. इलेक्ट्रिक तेच काम दीडशेच्या आसपास करते. उष्णताच कमी, म्हणून मोठ्या जाळीचं काम राहिलं नाही. बॅटरी आणि एसीचा कंडेन्सर थंड ठेवायला थोडी हवा लागते, ती बंपरच्या खालच्या फटीतून येते. काही गाड्यांत तिथे उघडझाप करणारी झडपं असतात. (इथे डिझेलवाल्याला एक गुण देतो. आपली बरीचशी वीज चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातून येते, आणि कोळशाचं केंद्र स्वतःच निम्म्याहून जास्त उष्णता हवेत सोडतं. डॅशबोर्डवर दिसतो तेवढा मोठा फायदा खाणीपासून हिशेब केला तर राहत नाही. पण नाक्यानाक्यावर सिग्नलला उभं राहून श्वास घेणाऱ्याला फरक पडतो, आणि तो मी रोज घेतो.)

पण गंमत अशी की जाळीची गरज संपली तरी कंपन्यांना जाळी सोडवेना. टेस्लाची मॉडेल एस २०१२ साली आली तेव्हा तिच्या नाकावर काळा चकचकीत ठोकळा होता, जाळीचा भास देणारा. आत काहीच नाही. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून. २०१६ ला तो काढला. बीएमडब्ल्यूने आयएक्सला ती प्रसिद्ध जोड-जाळी ठेवली, उलट मोठी केली, पण बंद करून मागे कॅमेरा आणि रडार बसवले. आपल्याकडे टाटांची पहिली नेक्सॉन इव्ही जानेवारी २०२० ला आली, तिचा सांगाडा पेट्रोल-डिझेल नेक्सॉनचाच होता. तिथे आकार बॅटरीने ठरवलाच नव्हता. तो आधीच ठरलेला होता, बॅटरी मागाहून मावली. अशा गाडीचं तोंड बघून इलेक्ट्रिकला नावं ठेवणं म्हणजे इमारतीवरून भाडेकरूला शिव्या देणं.

ज्या गाड्या पहिल्यापासून इलेक्ट्रिक म्हणून आखल्या, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. बॅटरी जमिनीत पसरलेली असते, तिची जाडी अर्धी-पाऊण वीत धरा. माणसं तेवढ्याने वर उचलली जातात. माणसं वर गेली की छप्पर वर जातं. छप्पर वर गेलं की गाडी बाजूने जाड दिसते, चपात्यांच्या डब्यासारखी. मग ती जाडी लपवायचे उद्योग सुरू होतात. दाराच्या खालच्या भागाला काळं प्लास्टिक, म्हणजे नजर तो भाग मोजत नाही. चाकाच्या कमानीला काळी पट्टी. आणि सगळ्यात मोठी हातचलाखी म्हणजे मोठी अलॉय. चाक मोठं केलं की अंग बारीक वाटतं. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या तेव्हा डिझाइनप्रमुख प्रताप बोस यांच्या हाताखालच्या डिझायनरांनी हेच सगळं उघडउघड, नाटकी पद्धतीने केलं. मला बीई ६ आवडते, हे सांगून टाकतो. माझ्या बायकोला ती ‘रागावलेला खेकडा’ वाटते. (तिचं मूळ नाव बीई ६ई होतं. ‘६ई’ हा इंडिगो विमान कंपनीचा कोड, त्यावरून ती कोर्टात गेली आणि महिंद्राने ‘ई’ काढला. गाडी आणि विमान यांत घोटाळा करणारं गिऱ्हाईक अजून माझ्याकडे आलेलं नाही.)

मोठ्या अलॉयची किंमत मात्र रेंजमध्ये मोजावी लागते, आणि याचा सरळ पुरावा आहे. ह्युंदाईची आयोनिक ६ ही गुणांक ०.२१ असलेली, हवेसाठीच घडवलेली गाडी. अमेरिकेत २०२३ साली तिच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या मॉडेलची सरकारी चाचणीतली रेंज १८ इंची चाकांवर ३६१ मैल होती, आणि २० इंची चाकांवर ३०५. बॅटरी तीच, मोटर तीच. ५८१ किलोमीटरचे ४९१ झाले. ९० किलोमीटर चाकांच्या रुबाबात गेले. महागड्या व्हेरिएंटला मोठी चाकं मिळतात, म्हणजे जास्त पैसे मोजून कमी रेंज. वर आपल्या घोडबंदरचे पावसाळ्यातले खड्डे. पातळ रबराचा टायर आणि मोठी रिम यांची जुलै-ऑगस्टमध्ये गायमुख घाटापाशी काय गत होते ते माझ्याकडे येऊन बघा. दरवर्षी कोपऱ्यात वाकड्या रिमचा ढीग लागतो.

दिसण्याची आणखी एक चीज शहरात खरोखर वीज खाते. काचेचं छप्पर. मे महिन्यात वाशी स्टेशनबाहेर चार तास उन्हात उभी केलेली, काचेच्या छपराची, काळ्या रंगाची गाडी उघडून बसा. एसी पहिली पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीने चालतो. ताशी १० चा हिशेब मघाशी केलाच आहे. म्हणजे ज्या तोंडावरून तुमची भांडणं झाली त्याने ठाण्यात एक वॉट-अवर खाल्ला, आणि ज्या छपराचं दोघांनी कौतुक केलं त्याने दहापट-वीसपट. कापडी पडदा मिळतो, लावून घ्या. शोभा जाते, डोकं शाबूत राहतं.

‘कुरूप’ या शब्दाबद्दलही थोडं. हवेसाठी केलेली गाडी लोकांना नेहमीच आधी विचित्र वाटली आहे. टाट्रा ७७ ही १९३४ सालची चेकोस्लोव्हाकियातली गाडी, मागे निमुळती, पाठीवर माशासारखा पर. जनरल मोटर्सने १९९६ ला ईव्ही१ काढली, गुणांक ०.१९, मागची चाकं अर्धी झाकलेली. ती कधी विकलीच नाही, फक्त भाड्याने दिली आणि नंतर परत घेऊन बहुतेक गाड्या चुरडल्या. मर्सिडीजची ईक्यूएस ०.२० ला पोचली आणि लोकांनी तिला साबणाची वडी म्हटलं. हवेला चित्रात काढतात तसल्या थेंबाचा आकार लागतो, पुढे गोल आणि मागे लांब निमुळता. पण माणसाला बॉनेट लांब हवं, मागची काच उभी हवी आणि डिकीत गणपतीच्या मखराचं सामान मावायला हवं. मग डिझायनर मागचा भाग एकदम कापतात, कडा तीक्ष्ण ठेवतात, म्हणजे हवा स्वच्छ सुटते. मागच्या बंपरच्या बाजूला जी धारदार रेघ दिसते ती शोभेची नाही, ती कामाची. आणि समोरच्या बंपरवर जे मोठे मोठे काळे नाकपुडीसारखे खड्डे असतात, त्यातले निम्मे बंद असतात. बोट घालून बघा. बोट थांबलं तर ते शोभेचं, आरपार गेलं तर चाकाच्या कडेने हवा नेणारं. ही माझी चाचणी, फुकट आहे.

सर्वांत जास्त कामाचा भाग मात्र कुणी बघत नाही, कारण तो पोटाखाली असतो. पेट्रोल गाडीच्या खाली सायलेन्सर, गिअरबॉक्स, टाकी, सगळं उघडं. हवा अडकत, आपटत जाते. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरीची पेटी सपाट असते आणि पुढेमागे प्लास्टिकची झाकणं लावून अख्खं पोट सपाट करता येतं. गुणांकातली मोठी कमाई इथे होते. आणि आपल्या सोसायट्यांचे स्पीडब्रेकर नेमके हेच पोट घासतात.

ताईंच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे पैशांकडे, जाण्याआधी कंपन्यांच्या सवयी बघू.

ठाणे-बेलापूर रोडवर एमआयडीसी म्हटलं की रबाळे, महापे, तुर्भे. कंपनीच्या पत्रकात एमआयडीसी म्हणजे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. रेंजचा आकडा या दुसऱ्या एमआयडीसीतून येतो. ही चाचणी रस्त्यावर नाही, रोलरवर होते. वेग ताशी ९० च्या वर जात नाही, हळूहळू वाढवायचा, हळूहळू कमी करायचा, एसी बंद. पहिल्या नेक्सॉन इव्हीचा ३०.२ युनिटच्या बॅटरीवर ३१२ किलोमीटरचा आकडा असा आला होता. भागाकार करा, किलोमीटरला ९७ वॉट-अवर. वरच्या माझ्या हिशेबात ताशी ४० च्या स्थिर वेगाला गळती धरून नुसता एसी जोडला तरी १०० होतात. म्हणजे आकडा खोटा नाही, पण त्या आकड्यातलं जग आपल्या विटाव्याच्या पुलाखालून जात नाही. लोकांना व्यवहारात दोनशेच्या आसपास मिळायचे. टाटांनी २०२४ मध्ये स्वतःहून सी७५ नावाचा दुसरा, कमी आकडा सांगायला सुरुवात केली: चारातल्या तीन गिऱ्हाइकांना मिळेल तो. नेक्सॉनच्या ४५ युनिटच्या बॅटरीला चाचणीत ४८९ आणि सी७५ मध्ये ३५० ते ३७०. हे मला बरं वाटलं. पण जाहिरातीत मोठ्या अक्षरात कुठला आकडा असतो ते तुम्ही बघितलंच असेल.

हे ऐकून डिझेलवाला खूश होईल, म्हणून लगेच सांगतो की आकड्यांशी खेळायला बॅटरी लागत नाही. २०१२ साली ह्युंदाई आणि कियाला अमेरिकेत अ‍ॅव्हरेजचे वाढवून सांगितलेले आकडे मागे घ्यावे लागले. २०१३ मध्ये इथे जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या, धुराच्या चाचणीतल्या गडबडीपायी. आणि २०१५ चं फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण, म्हणजे चाचणीपुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर, सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा डिझेलवाल्या, तुझ्या पंथाने फार ताठ मानेने बोलू नये.

आणखी एक आकडा फसवतो, तो डॅशबोर्डवरचा. बॅटरीतून बाहेर गेलेली वीज तो मोजतो. महावितरणचा मीटर भिंतीतून आत गेलेली मोजतो. घरच्या चार्जरवर मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास गरम होऊन जाते. त्यामुळे बिलाचा हिशेब मीटरवर करा. बॅटरी भाड्याने द्यायची पद्धत आली आहे, तिथेही हिशेब आपणच करायचा. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९ लाख ९९ हजारांना आली, बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळे. महिन्याला १,५०० किलोमीटर चालवणाऱ्याला ५,२५० रुपये बॅटरीचे, वीज निराळी. जास्त चालवणाऱ्याने बॅटरीसकट घ्यावी. आणि बघा, ती गाडी दिसायला अंड्यासारखी, डिझेलवाल्याने पहिल्या दिवशीच नाक मुरडलं होतं. ती धडाधड खपली. मागच्या सीटवर आजी-आजोबांना पाय लांब करून रेलता येतं, म्हणून. विकत घेणाऱ्यांत गाडीवेडे फार थोडे असतात, ताई.

आता पैसे कोण भरतं. मागच्या वर्षी माझ्याकडे एक गाडी आली. माजिवड्याच्या पुलाखाली रिक्षाने मागे घेताना समोरून हलकेच टेकवलं होतं. बंपरला ओरखडा आणि कपाळावरच्या दिव्यांच्या पट्टीला मधोमध बारीक तडा. दिवा पेटत होता. पण तड्यातून पाणी गेलं की पट्टी बंद पडणार, म्हणून बदलायला हवी. जुन्या गाडीत दोन हेडलाइट असायचे, एक फुटला तर एक बदलायचा, काच वेगळी मिळायची. ही पट्टी डावीकडून उजवीकडे अखंड, एकच नग, त्याला जोडलेला कंट्रोलर तोही सोबतच. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांच्या सर्व्हिस सेंटरने जो आकडा सांगितला त्यात एक स्कूटर आली असती. इन्शुरन्सने काही भाग दिला, बाकी त्या माणसाने भरला. वर नवीन पट्टी बसवल्यावर ती गाडीच्या कॉम्प्युटरने ओळखावी म्हणून त्यांच्याच स्कॅनरने जोडावी लागते. माझ्याकडचा स्कॅनर तिथे नुसता ‘प्रवेश नाही’ म्हणतो. पट्टी मी बसवू शकतो. पेटवू शकत नाही.

दुसरी केस याहून वाईट. गाडी सोसायटीच्या उतारावर पोटावर बसली. बॅटरीच्या पेटीला खालून वाटीएवढा पोचा. आतले सेल ठीक, इन्सुलेशनची चाचणी ठीक, रेंज तीच. पण पेटीचा खालचा पत्रा सुटा मिळत नाही आणि पोचा आलेल्या पेटीवर वॉरंटी देणार नाही, असं उत्तर. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी म्हणून माणसाने गाडी घेतली होती. सर्व्हेअर, सर्व्हिस सेंटर आणि मालक यांच्यात तीन महिने पत्रापत्री चालली. शेवटी क्लेम मंजूर झाला, पण तोवर तो माणूस बसने ऑफिसला जात होता.

म्हणून गाडी घेताना मी लोकांना तीनच गोष्टींच्या किमती लेखी मागायला सांगतो: समोरची दिव्यांची पट्टी, पुढचा बंपर सेन्सरसकट, आणि बॅटरीच्या पेटीचं खालचं कव्हर वेगळं मिळतं की नाही. सेल्समन टाळतो. मग त्याच शोरूमच्या सर्व्हिस काउंटरला जाऊन विचारा, तिथला माणूस संगणकात बघून सांगतो, त्याला विक्रीशी घेणं नसतं. झीरो डेप्रिसिएशनचा, म्हणजे पार्टच्या जुनेपणाचे पैसे न कापणारा, इन्शुरन्स पहिली पाच वर्षं चुकवू नका आणि त्यात बॅटरी स्पष्ट शब्दांत आहे का ते वाचा.

बाकी रोजच्या तक्रारींचं म्हणाल, तर मोठी बॅटरी क्वचितच त्रास देते. बंद पडून टोइंगने आलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांत माझ्याकडे सगळ्यात जास्त दोष निघतो तो बॉनेटखालच्या १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीचा. लाखांची गाडी, काही हजारांच्या डब्यासाठी उभी. दुसरं, खाडीच्या दमट हवेत ब्रेकच्या डिस्क गंजतात, कारण रीजनमुळे (पाय उचलला की मोटरच गाडी मंद करते आणि वीज परत भरते) ब्रेक लागतच नाहीत. आठवड्यातून एकदा पामबीच रोडवर मागे कुणी नाही बघून दोन-तीनदा ब्रेक दाबून मारा, साफ होतात. पाण्याची भीती लोकांना उगाच जास्त आहे. २६ जुलै २००५ नंतर माझ्याकडे इंजिनात पाणी गेलेल्या गाड्यांची रांग लागली होती, कनेक्टिंग रॉड वाकलेल्या. इलेक्ट्रिकमध्ये हवा ओढणारं तोंडच नसतं. बॅटरीच्या पेटीला आयपी६७ असेल तर ती मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी तपासलेली असते. पण ते नव्या, न घासलेल्या पेटीचं. म्हणून पुन्हा पोटाखाली बघा म्हणतो. आणि विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की मी स्वतः गाडी घालत नाही.

बॅटरीवाल्यासाठी लोणावळ्याचं एक गणित राहिलं. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर चढ. १,८०० किलो तेवढं उचलायला पावणेतीन युनिट लागतात, गळती धरून तीन. उतरताना त्यातलं निम्म्याहून जास्त परत मिळतं. पण वर हॉटेलात गाडी १०० टक्के चार्ज करून निघालास, तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, रीजन बंद, आणि सगळा घाट साध्या ब्रेकवर. तेच ब्रेक जे पामबीचवर तू कधी मारले नाहीस. वर ऐंशी-पंच्याऐंशीला थांबव.

आणि ताई, या दोघांना निरोप द्या. मागच्या रविवारी बॅटरीवाला मला ०.२० म्हणजे काय ते समजावत होता, तेव्हा मी चहा सांडला म्हणून खाली वाकलो. त्याच्या गाडीच्या पोटाखालचं पुढचं झाकण एका कोपऱ्यात लोंबतंय, तीन क्लिपा गायब आहेत. एक्स्प्रेसवेला तिथे वारा भरत असणार. क्लिपा रबाळ्यात कुठल्याही स्पेअरवाल्याकडे मिळतात, शनिवारी आला तर मीच लावून देईन. डिझेलवाल्याचा मागचा डावा टायर डोळ्यांनीच बसलेला दिसतो. दाराच्या खांबावर किती प्रेशर लिहिलंय ते वाचून, हवा भरूनच उपवनला ये म्हणावं. गेज मी आणतो.